हातभर उंचीवरची थंडी



आपल्या भाषेत पाऊस पडतो, तसे दवही पडते, धुकेही पडते आणि थंडीसुद्धा पडते. सगळे आपले वरून खाली! पावसाच्या बाबतीत ते खरे आहे. दवाच्या आणि थंडीच्या बाबतीत मात्र व्यवहार उलटा चालतो. पौष-माघातल्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री आभाळातून थंडी अशी खाली येत नाही. खालचीच ऊब वर निघून जात असते. दिवसभर उन्हात साठवलेली उष्णता जमीन, झाडाची पाने, घरावरचे पत्रे, उघड्यावर बांधलेल्या बैलाची पाठ, सगळीच रात्रभर आभाळाकडे उधळत असतात. ही ऊब ज्या किरणांच्या रूपाने जाते ते किरण डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. 'रक्त' म्हणजे तांबडा. इंद्रधनुष्यात तांबड्याच्या पलीकडे जे न दिसणारे किरण असतात, ते अवरक्त.

या किरणांच्या इतिहासात पुण्याचे एक पान आहे. १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्याशा निबंधात पुण्याच्या हवामानशास्त्रज्ञांनी अशी एक गोष्ट मांडली की, ती त्या वेळच्या पुस्तकांत बसेना. पुस्तक खरे की तापमापकातला पारा खरा, असा वाद पडला आणि तो पुढे पुष्कळ वर्षे चालला. रात्रीच्या थंडीने ज्यांचे रोप करपते त्यांनी तर ही हकीकत ऐकावीच, आणि वर्गात 'उष्णतेचे प्रारण' हा धडा शिकवणाऱ्या गुरुजींनी व बाईंनीही ऐकावी. पण ती समजायला आधी थोडे मागे गेले पाहिजे.

सन १८००. इंग्लंडात विल्यम हर्शेल नावाचे गृहस्थ होते. मूळचे जर्मनीतल्या हानोव्हरचे, पेशाने वादक. बाथ शहरात ते ऑर्गन वाजवीत आणि शिकवण्या करीत. पुढे आभाळाचा नाद लागला. स्वतःच्या हातांनी आरसे घासून त्यांनी दुर्बिणी केल्या आणि १७८१ साली युरेनस ग्रह शोधून काढला. सूर्याकडे दुर्बिणीतून पाहताना डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून ते वेगवेगळ्या रंगीत काचा लावून बघत. (हे कोणी करून पाहू नये, बरे का, डोळे कायमचे जातील.) तेव्हा त्यांच्या ध्यानात आले की, काही काचांतून उजेड कमी येतो पण चटका जास्त बसतो, तर काहींतून उजेड पुष्कळ, पण चटका कमी. मग कोणत्या रंगात किती उष्णता असते?

त्यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग टेबलावर पाडले आणि बुडाशी काळे केलेले तापमापक एकेका रंगात ठेवून पाहिले. जांभळ्यात पारा थोडा चढला, हिरव्यात अधिक, तांबड्यात त्याहून अधिक. इथवर कोणीही थांबला असता. हर्शेलने तापमापक तांबड्याच्याही पलीकडे, जिथे टेबलावर काहीच रंग दिसत नव्हता अशा जागी सरकवला. तिथे पारा सगळ्यांत वर गेला. उजेड नाही, पण उष्णता आहे, आणि ती लोलकातून वाकून किरणासारखीच आली आहे! अवरक्त किरणांचा जन्म म्हणा, किंवा बारसे म्हणा, ते असे झाले. नाव मात्र नंतरचे आहे.

हर्शेलने सूर्याकडून येणारे किरण पाहिले. आपल्याकडून जाणारे किरण कोणी ओळखले? इथे मला एका आजारी डॉक्टरचे नाव घ्यावेसे वाटते, कारण त्याचे काम शेतकऱ्याच्या जास्त जवळचे आहे. त्याचे नाव विल्यम चार्ल्स वेल्स. लंडनला तो वैद्यकी करी. प्रकृती अगदी तोळामासा, तरी थंडीच्या रात्री बागेत जाऊन तो लोकरीचे सारख्या वजनाचे पुंजके ठेवी आणि पहाटे ते वजन करून कशावर किती दव जमले ते लिहून ठेवी. एक पुंजका उघड्यावर, एक फळीवर, एक त्याच फळीच्या खाली. आभाळ ज्याला दिसत होते तो पुंजका ओलाचिंब होई. फळीखालच्याला फारच थोडे दव मिळे. दव जर पावसासारखे वरून पडत असते तर फळीखाली ते मुळीच आले नसते. पण थोडे तरी येत होते. ढग असले की उघड्यावरचाही पुंजका कोरडा. १८१४ साली वेल्सने पुस्तक लिहून सांगितले की, स्वच्छ आभाळाखाली वस्तू आपली उष्णता किरणांच्या रूपाने सोडतात, भोवतीच्या हवेपेक्षाही थंड होतात, आणि मग हवेतली वाफ त्यांच्यावर पाण्याच्या रूपाने जमते. दव पडत नाही, दव धरते.

आपल्या देशातल्या एका जुन्या धंद्याचाही उलगडा वेल्सच्या या विचाराने झाला. अलाहाबादेकडे त्या काळी बर्फ तयार करीत. बर्फाचे यंत्र तेव्हा कुठले? जमिनीत उथळ खड्डे खणून त्यांत उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे जाड अंथरायची, त्यावर मातीच्या पसरट परळांत उकळून निवलेले पाणी ओतून ठेवायचे आणि सूर्योदयापूर्वी परळांत धरलेला बर्फ गोळा करायचा. सर रॉबर्ट बार्कर याने १७७५ साली याचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीकडे दिले आहे. हवेचा पारा गोठणबिंदूच्या वर असतानाही पाणी गोठे. खालची ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नसत, आणि वरून पाणी आपली उष्णता आभाळाला देऊन टाकी. रात्री वारा सुटला की बर्फ धरत नसे, हे त्या कामकऱ्यांना पक्के माहीत होते. आपल्या महाबळेश्वरास वेण्णा तलावाच्या आसपास एखाद्या पहाटे दवबिंदू गोठल्याची बातमी येते आणि हवेचा पारा मात्र शून्याच्या वरच असतो, त्याचेही कारण हेच.

आता आणखी एक गोष्ट गाठीला बांधा आणि मग पुण्याला जाऊ. अवरक्त किरण सोडायला वस्तू लाल तापलेली असावी लागत नाही. प्रत्येक वस्तू, अगदी बर्फाची लादीसुद्धा, आपापल्या उबेप्रमाणे ते सोडीतच असते. तांबड्या प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दहा हजार भागांपैकी सुमारे सात भागांएवढी असते. तुमच्या-आमच्या अंगातून निघणाऱ्या किरणांत सर्वांत जोरदार लहर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, म्हणजे कितीतरी लांब. जमिनीचे किरणही साधारण त्याच जातीचे. हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू त्यांना अडवीत नाहीत. अडवते ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि त्याहून जास्त म्हणजे ढग. हे अडवणारे पदार्थ स्वतःही किरण सोडतात आणि त्यांतले काही जमिनीकडे परत येतात. म्हणून ढगाळ रात्री अंगावर गोधडी घेतल्यासारखे उबदार वाटते. कोकणात हवेत दमटपणा भरपूर, म्हणून तिथली रात्र फारशी गारठत नाही. देशावर हिवाळ्यात हवा कोरडी, म्हणून दुपारी सदरा नकोसा होतो आणि पहाटे घोंगडी पुरत नाही.

पुण्याला शिवाजीनगर भागात एका चौकाला 'सिमला ऑफिस' म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला नवल वाटते, की सिमला कुठे आणि पुणे कुठे! हिंदुस्थानच्या हवामानखात्याची मुख्य कचेरी पूर्वी सिमल्याला होती. १९२८ साली ती पुण्यास आली, आणि पुणेकरांनी त्या दगडी इमारतीला सिमला ऑफिस असे नाव ठेवून दिले. १९४४ साली मुख्यालय दिल्लीला गेले तरी नाव तसेच राहिले, आणि खात्याचे मोठे कामही पुण्यात राहिले. जवळच शेतकी कॉलेज आणि त्याचे शेत. हवामानशास्त्र आणि शेती यांची गाठ पडायला याहून चांगली जागा कोणती? १९३२ साली खात्यात शेतीच्या हवामानाची वेगळी शाखा निघाली आणि ती लक्ष्मीनारायणपुरम् अनंतकृष्णन् रामदास यांच्याकडे सोपवली गेली.

हे रामदास म्हणजे सज्जनगडचे समर्थ नव्हेत. हे केरळातल्या पालघाटचे. जन्म १९०० सालचा. कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या हाताखाली त्यांनी प्रकाशाच्या विखुरण्यावर काम केले आणि १९२६ साली हवामानखात्यात आले. हवामानाचे शास्त्रज्ञ बहुधा वर पाहतात: ढग, वारे, फुगे. रामदासांनी मात्र खाली पाहिले. पीक जिथे उगवते, जिथे कोंब वर येतो, त्या पहिल्या दोन-चार फुटांत हवा कशी वागते, याचा त्यांना ध्यास होता. उन्हाळ्यात तापलेल्या रानावर हवा थरथरताना दिसते, त्या थराचाही त्यांनी अभ्यास केला.

त्यांचे म्हणणे समजायला एक साधी गोष्ट लक्षात घ्या. आकाशवाणीवरून तुम्ही "आज किमान तापमान इतके अंश" असे ऐकता, तो आकडा जमिनीवरचा नसतो. वेधशाळेत झडपा असलेली एक पांढरी लाकडी पेटी चार खुरांवर उभी असते, आणि तिच्यातला तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर, म्हणजे माणसाच्या छातीच्या आसपास असतो. सगळ्या गावांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता यावेत म्हणून हे ठरवलेले आहे आणि ते योग्यच आहे. पण तुमचे वांग्याचे रोप छातीएवढे नसते! त्याला सोसावी लागते ती त्याच्या उंचीवरची थंडी, आणि ती त्या आकड्याहून कडक असू शकते. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता. तो आकडासुद्धा पेटीतलाच.

मग जमिनीजवळ नेमकी सर्वांत जास्त थंडी कुठे? वेल्सपासून चालत आलेले उत्तर असे की, खुद्द जमिनीच्या पृष्ठभागावर. युक्तिवाद अगदी बिनतोड दिसतो. किरण सोडण्यात माती फार पटाईत. हवा त्या मानाने अगदी दुबळी. म्हणून माती आधी निवणार, तिला चिकटलेली हवा तिच्या पाठोपाठ, आणि जसजसे वर जावे तसतशी हवा उबदार होत जाणार. पुस्तकांत तक्ते होते, आलेख होते. शंका घेण्याचे कारणच नव्हते.

रामदास आणि त्यांचे सहकारी एस. आत्मनाथन् यांनी पुण्यात व देशातल्या आणखी काही ठिकाणी उघड्या जमिनीवर, वारा पडलेल्या निरभ्र रात्री, निरनिराळ्या उंचीवर हवेचे तापमान मोजले. निघाले ते वेगळेच. सर्वांत थंड हवा जमिनीला चिकटलेली नव्हती. ती जमिनीपासून वीतभर ते हातभर उंचीवर होती. तिच्या खालची जमीन तिच्यापेक्षा उबदार, कधी कधी काही अंशांनी, आणि तिच्या वरची हवाही उबदार. मधोमध थंडीचा एक पातळ पदर पसरलेला! १९३२ साली हा निष्कर्ष एका जर्मन भूभौतिक नियतकालिकात छापून आला. निबंध जेमतेम दोन पानांचा.

विद्वानांना तो पटला नाही. का पटू नये, तेही ऐका, कारण त्यांची शंका वेडगळ नव्हती. थंड हवा जड असते, गरम हवा हलकी. हलकी हवा खाली आणि जड हवा वर अशी रचना टिकणार कशी? चुलीवरच्या पातेल्यात तळचे पाणी तापले की वर येते आणि वरचे खाली जाते. तसे इथे लगेच होऊन तो पदर मोडून पडला पाहिजे. शिवाय तापमापक स्वतःच आभाळाकडे किरण सोडतो आणि हवेपेक्षा गार होतो. मग हा आकडा हवेचा की काचेचा? कोणी म्हणाले, आजूबाजूच्या उंचवट्यावरून थंड हवा वाहत आली असेल. थोडक्यात, मोजणाऱ्याची चूक. परतंत्र देशातल्या एका शेतावरची मोजणी होती म्हणून संशय अधिक बळकट झाला की काय, हे कागदांवरून सिद्ध करता येणार नाही. माझ्या मनात मात्र ती शंका येते.

रामदासांच्या मंडळींनी काम सोडले नाही. रात्री आभाळातून खाली किती किरण येतात हेही ते पुण्यात मोजत राहिले. डोक्यावरच्या आभाळातून किती, क्षितिजाकडच्या आभाळातून किती, संध्याकाळी किती आणि पहाटे किती, अशा नोंदी १९३५ ते १९३७ च्या सुमारास भारतीय विज्ञान अकादमीच्या कामकाजात प्रसिद्ध झालेल्या आहेत. आज तापमानवाढीची चर्चा होते ती आभाळातून परत येणाऱ्या याच किरणांच्या हिशेबावर चालते. आपल्याकडे तो हिशेब नव्वद वर्षांपूर्वी शिवाजीनगरास मांडला जात होता.

पुढे साक्षीदार मिळाले. १९५६ साली इंग्लंडात लेक या संशोधकाला उघड्या मातीवर तोच पदर आढळला. १९५७ साली क्लाउस राश्के या जर्मन शास्त्रज्ञाने आपली मोजणी प्रसिद्ध केली, आणि ती कुठली म्हणाल तर पुण्याचीच! काळजीपूर्वक, सगळ्या शंका ध्यानात घेऊन त्याने पुण्याच्या उघड्या जमिनीवर रात्री मोजमापे घेतली आणि पदर खरा असल्याचे दाखवले. १९७० साली कॅनडातून टिमथी ओक यांनीही दुजोरा दिला. तेव्हापासून पुस्तकांत 'रामदास थर' असे नाव रुळले.

असतो हे ठरले. पण का असतो? याचा उलगडा साठ वर्षे झाला नाही. १९९३ साली बंगळूरच्या रॉड्डम नरसिंह, जे. श्रीनिवासन् आणि ए. एस. वासुदेव मूर्ती यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात गणित मांडले. त्याचा गाभा असा: जमिनीला दिवसाची उष्णता खालून मिळत राहते, आणि तिला अगदी चिकटलेल्या हवेला ती स्पर्शाने मिळते. त्याच्या वरच्या हवेला मात्र ना खालून पुरेसा आधार, ना वरून. ती आपली ऊब किरणांनी घालवत बसते आणि सगळ्यांत गार होते. हवा खालवर घुसळली कशी जात नाही, तर थर पातळ असतो आणि वर-खाली सरकू पाहणाऱ्या हवेतला उष्णतेचा फरक हे किरणच पुसून टाकतात. त्या गणितात जमीन किरण सोडण्यात पूर्ण शंभर टक्के पटाईत नसते, या बारीकशा उणिवेला फार महत्त्व होते.

पण गोष्ट इथे संपली नाही. त्याच बंगळुरात, जवाहरलाल नेहरू केंद्रात, के. आर. श्रीनिवास आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी २०१० नंतर प्रयोग करून त्या गणितातल्या एका भागाला हरकत घेतली. त्यांचे म्हणणे, हवेच्या वायूंमुळे एवढे गारठणे होत नाही. जमिनीलगत तरंगणारे धुळीचे-धुराचे अतिसूक्ष्म कण खरे कारण आहेत. ते कण किरण सोडतात, स्वतः निवतात आणि भोवतीच्या हवेला निववतात. १९६६ सालीच एका संशोधकाने जमिनीलगतच्या धूसर थराची कल्पना मांडली होती. ती अशी पुन्हा वर आली. विमानतळावरचे हिवाळी धुके कधी धरेल ते आधी सांगायचे तर हा थर समजावा लागतो, म्हणून हे काम आजही चालू आहे. वीतभर उंचीची गोष्ट, पण तिने विमाने अडतात.

आता शेताकडे वळू. नाशिक जिल्ह्यात निफाडकडे हिवाळ्यात पारा पुष्कळदा राज्यात सर्वांत खाली जातो. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागाईतदार पहाटे ओळींमधून शेकोट्या पेटवतात, कोणी ठिबकाचे पाणी सोडतात. यातले काय उपयोगी आणि काय नाही, हे किरणांच्या ज्ञानाने जरा नीट कळते.

धुराची चादर केली की थंडी अडते, असा सर्वसाधारण समज आहे. धुराचे बारीक कण जमिनीच्या लांब लहरीच्या किरणांना फारसे अडवीत नाहीत. शेकोटीने जो फायदा होतो तो तिच्या उबेचा आणि त्या उबेने हवा हलते त्याचा. वरची उबदार हवा खाली येऊन मिसळते. म्हणून एकच मोठा जाळ करण्यापेक्षा लहान लहान पुष्कळ शेकोट्या बऱ्या. मोठा जाळ आपली ऊब थेट वर घेऊन जातो. टायर जाळू नयेत; धूर तेवढा होतो, आणि तो घरातल्या पोरांच्याच छातीत जातो.

पाणी देण्यात मात्र तथ्य आहे. ओली माती दिवसा जास्त उष्णता साठवते आणि रात्री ती खालून वर पोचवते. उलट थंडीच्या तोंडावर खुरपून भुसभुशीत केलेली कोरडी माती खालची ऊब वर येऊ देत नाही. पाचटाचेही तसेच. पाचटाचे आच्छादन मुळांना फार चांगले, पाणी वाचवणारे. पण त्याच्यावरची हवा मात्र उघड्या ओल्या मातीवरच्या हवेपेक्षा जास्त गारठते. अलाहाबादच्या बर्फवाल्यांनी परळांखाली ताटे अंथरली होती, ती आठवा! कोवळी रोपे असतील तर कडाक्याच्या चार रात्री ओळीतले पाचट थोडे बाजूला सारणे बरे.

रोपवाटिकेवर गोणपाट किंवा जाड कापड टाकले की रोपांना आभाळ दिसत नाही, आणि वेल्सच्या फळीखालच्या लोकरीसारखी ती सुरक्षित राहतात. नुसते पातळ पॉलिथिन तितके उपयोगी नाही, कारण ते या किरणांना जवळजवळ आरपार वाट देते. त्याच्या आतल्या बाजूला दवाचा थर जमला तरच ते थोडेफार अडवू लागते. आणि एक खुलासा. रामदास थर उघड्या जमिनीवरचा आहे. विरळ लावलेली रोपे त्यात सापडतात. पण पीक दाट झाले, रान झाकले गेले, की पानांचा वरचा शेंडाच जमिनीचे काम करतो आणि थंडीचा पहिला मार तिथे बसतो. हरभऱ्याचे शेंडे आणि फुले आधी का करपतात, ते यावरून ध्यानात येईल.

अवरक्त किरणांचे बाकीचे उपयोग तुमच्या घरापर्यंत पोचलेलेच आहेत, तेव्हा त्यांवर फार वेळ घालवत नाही. दूरदर्शन संचाचा रिमोट हेच किरण सोडतो. कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब देणारा लाल दिवा याच किरणांचा. २०२० च्या साथीत बाजारात, शाळेत कपाळासमोर धरले जाणारे यंत्र काही सोडत नव्हते, बरे का. ते तुमच्या कपाळातून निघणारे किरण फक्त मोजत होते. विजेच्या उपकेंद्रात ढिला झालेला सांधा तापू लागला की अवरक्त कॅमेऱ्यात तो लांबूनच चमकतो. आणि इन्सॅट मालिकेतले उपग्रह १९८३ पासून रात्रीचेही ढग दाखवतात ते याच किरणांच्या बळावर: ढगाचा माथा जितका गार, तितका तो उंच, तितका पावसाचा संभव अधिक. सिमला ऑफिसातल्या पडद्यावर ही चित्रे रोज उमटतात.

शेवटी शाळांसाठी एक काम. डिसेंबर-जानेवारीत, मैदानाच्या मधोमध, झाडांपासून आणि भिंतींपासून दूर, उघड्या मातीवर एक बांबू रोवा. चार साधे तापमापक घ्या. आधी चारही एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवून सारखे दाखवतात का पाहा. फरक असेल तो लिहून ठेवा. मग एक मातीला टेकवून, दुसरा वीतभर उंचीवर, तिसरा हातभर उंचीवर आणि चौथा छातीएवढ्या उंचीवर बांधा. प्रत्येकावर चकचकीत चंदेरी कागदाची लहानशी छत्री करा, म्हणजे तापमापकाला थेट आभाळ दिसणार नाही आणि विद्वानांनी १९३२ साली घेतली तीच शंका तुमच्यावर कोणी घेणार नाही. मावळतीनंतर तासाने पहिली नोंद, मग दर अर्ध्या तासाने. जवळ जाताना एकट्यानेच जावे आणि आकडा पटकन वाचून मागे यावे. माणसाचे अंगही शंभर वॉटच्या दिव्याएवढी उष्णता देत असते आणि दहा पोरे बांबूभोवती जमली की थर मोडलाच. वारा सुटला, ढग आले, तर वहीत तसे लिहा, आणि त्या रात्रीचे आकडे खोडू नका.